सातवी जखम

अण्णा, तुम्हाला शेवटची आंघोळ घालायला आम्ही चौघं होतो. तुमचे धाकटे भाऊ, दोन पुतणे आणि मी. मी घरचा नाही, पण वहिनी म्हणाल्या, "श्रीपादरावांनाही आत घ्या. ते नसले तर पाणी किती गरम ते विचारायला हे उठून बसतील." बोलता बोलता त्यांनी पदर तोंडात धरला.

पाणी मीच ओतत होतो आणि सवयीनं मोजत होतो. कपाळावरची, केसांत शिरलेली, नऊ टाक्यांची, एक. उजव्या भुवईची, दोन. वरच्या ओठाची, तीन. डाव्या मनगटाच्या वर हाड वाकडं जुळलं ती, चार. डाव्या कोपराची, पाच. उजव्या मांडीची, सहा. मग पुतण्यानं तुम्हाला कुशीवर वळवलं आणि माझा तांब्या हातातच राहिला. दोन खांद्यांच्या मध्ये, मणक्याला लागून, एक खळगा होता. लहान. कडेनं कोपरे असलेला, बोल्टच्या नटाच्या आकाराचा.

"काय झालं?" तुमच्या भावानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

तुमच्या बाबतीत मी बोललेलं हे दुसरं खोटं. पहिलं बारा वर्षांपूर्वीचं आहे. ते सांगायला आज, नवव्या दिवशी, लिहायला बसलो आहे.

परवा शोकसभा झाली. तुमची कारकीर्द सांगितली गेली. एच. डी. कोटे या तालुक्याच्या गावी कॉलेजात रसायनशास्त्र, मग इथे प्राध्यापक, मग मूल्यमापन विभागाचे कुलसचिव, शेवटी तीन वर्षं कुलगुरू. सगळं बरोबर सांगितलं, तारखा मीच लिहून दिल्या होत्या. पाचही वक्त्यांनी त्या सहा वारांचा विषय काढला. सहा वार झेलले पण परीक्षकांची नावं दिली नाहीत, वगैरे. मी तिसऱ्या रांगेत बसून तोच आकडा ऐकत होतो, ज्याच्यावरून आपण आठ वर्षं भांडलो.

मग तो आला. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या हल्ल्याच्या खटल्यातल्या पाच आरोपींतला दुसरा. आता एका कॉलेजच्या संचालक मंडळावर आहे, पांढरा शर्ट, सोन्याचं घड्याळ. तुमच्या फोटोला हार घातला, हात जोडले आणि माईकवर कन्नडात म्हणाला, "दोड्ड मनुष्य." मोठा माणूस. ज्या हातानं हार घातला त्याच हातात, तुमच्या जबाबाप्रमाणे, त्या दिवशी टेबलाचा लोखंडी पाय होता. माझ्यासमोर घडीची लोखंडी खुर्ची होती. तिची पाठ मी दोन्ही हातांनी धरली. मी चोपन्न वर्षांचा आहे, मला रक्तदाबाची गोळी आहे, आयुष्यात कुणावर हात टाकलेला नाही. पण ती खुर्ची उचलून त्याच्या तोंडावर आपटायची, दात पडेपर्यंत आपटायची, असं मला इतकं स्पष्ट दिसलं की खुर्चीचे पाय जमिनीवरून उचललेही गेले होते. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची खाली ठेवली. धीर सुटला म्हणून नाही. तुमच्या पाठीवरचा तो खळगा आठवला म्हणून.

तुम्ही शिंप्याच्या घरचे. अग्रहार भागात तुमच्या वडिलांचं दुकान होतं आणि माणूस समोर आला की तुम्ही आधी त्याचे खांदे बघायचात. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही माझी प्रमाणपत्रं बघितलीच नाहीत. "उजवी बाही अर्धा इंच लांब आहे," म्हणालात. मी घरी जाऊन टेप लावली. अर्धाच इंच निघाला. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं तर तुम्ही हसून म्हणालात, "मोजून आलास? मग तू माझ्या कामाचा." त्या दिवसापासून मी तुमचा लेक्कप्पा. लेक्क म्हणजे कन्नडात हिशेब. सगळ्या विभागात ते नाव झालं. अजूनही शिपाई मागून तेच म्हणतात.

वादही आपला आकड्यांवरूनच. फार्मसीच्या एका पेपरात दर वर्षी सरसकट पाच गुण वाढवून द्यायची पद्धत होती. तुम्ही कुलसचिव झालात आणि ती बंद करायची म्हणालात. मी तक्ता करून आणला.

"अण्णा, पाच गुण काढले तर तिघांतला एक नापास होतो."

"होऊ दे."

"कॉलेजवाले गप्प बसणार नाहीत."

"ज्याला औषधाचं प्रमाण काढता येत नाही, त्याला पाच गुण देऊन मी कुणाच्या घरी पाठवू? तुझ्या? तुझ्या आईला साखर आहे ना?"

मी तक्ता घडी करून खिशात घातला. तुमची बोलण्याची ही पद्धत मला कधी आवडली नाही. माझी आई मध्ये आणायची गरज नव्हती. हे तेव्हा बोललो नव्हतो, आता बोललो.

निकालाआधी उत्तरपत्रिकांचे कोड उलगडायचं काम माझं. पेपरावरचा विद्यार्थ्याचा क्रमांक कापून त्याला कोड नंबर दिलेला असतो. कुठला कोड कुणाचा आणि कुठला गठ्ठा कुठल्या परीक्षकानं तपासला, हे एकाच रजिस्टरात असतं; ते ज्याच्या हाती लागेल त्याला परीक्षकांना गाठून गुण फिरवून घेता येतात. ते काम एकट्या माणसानं करायचं, तळघराशेजारच्या लोखंडी दाराच्या खोलीत, आतून बोल्ट लावून, फोन बाहेर ठेवून. त्याचे नियम तुम्ही सांगितले आणि मी टाईप केले. नियम चौदा: काम चालू असताना दार उघडायचं नाही, बाहेरून खुद्द कुलसचिवांनी सांगितलं तरी नाही. तुम्ही सही केलीत आणि म्हणालात, "माझ्यावरही भरवसा ठेवू नको. कोण माझ्या गळ्याला काय लावून बोलवतोय ते तुला आतून कसं दिसणार?"

आणखी एक कागद होता. दार बसवलं तेव्हा मी टिपण दिलं होतं, बाहेरच्या कडीचा नट-बोल्ट पाऊण इंच जास्त बाहेर आला आहे, जमिनीपासून चार फूट दोन इंचांवर, येणाऱ्याजाणाऱ्याला लागेल, कापून घ्यावा. तुम्ही त्यावर "पाहू" लिहिलंत. तो कापला गेला नाही.

मंगळवार होता. तीन वाजून दहा मिनिटांनी वरच्या मजल्यावर काच फुटली. मग एकामागून एक काचा, मग कपाटं पडल्याचा आवाज, मग जिन्यावर पावलं. मी आत होतो. मला काही दिसत नव्हतं. म्हणून मला त्या दिवसाचे फक्त आवाज आठवतात, आणि त्यांतला एकही कमी होत नाही. पावलं कॉरिडॉरमध्ये आली. त्यांच्या आधी तुमच्या चपला आल्या होत्या. त्या दारापाशी थांबल्या.

"रजिस्टर कोडो," कुणीतरी ओरडलं. रजिस्टर दे.

तुम्ही कन्नडातच शांतपणे म्हणालात, "निकाल लागला की तपासणीसाठी अर्ज करा. फॉर्म वर मिळतो."

पहिला फटका तेव्हा पडला. लोखंड भिंतीवर पडलं की आवाज घुमतो, लोखंड माणसावर पडलं की घुमत नाही. तिथल्या तिथे विझतो. ते ऐकेपर्यंत मला हा फरक माहीत नव्हता. दुसरा पडला. कुणीतरी "होडी, होडी" म्हणत होता. मार, मार. पोरं नव्हती ती सगळी. नापास होणारी पोरं मागे जिन्यावर असतील, पुढची माणसं कॉलेजवाल्यांनी गाडीत घालून आणली होती. तिसरा पडला आणि तुमचा आवाज बदलला, ओठ फाटल्यासारखा. त्या आवाजात तुम्ही मराठीत बोललात. त्या गर्दीत मराठी कळणारा मी एकटा, तोही दाराच्या आत.

"श्रीपाद. नियम चौदा."

चौथा. पाचवा. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, वाळलेली काठी मोडावी तसा. माझ्या टेबलावर रजिस्टर उघडं होतं. त्यात चार परीक्षकांची नावं होती, एक सोसले गावच्या मास्तरीणबाई, तीन पुरुष. मी ती नावं पाहिली आणि उठलो.

आता ऐका. सहावा फटका पडल्यावर मी बोल्ट काढला. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. मी खांदा लावला आणि पूर्ण जोरानं धक्का दिला. दार बोटभर सरकलं आणि परत आलं. मला वाटलं, त्यांनी कपाट लावलंय. दुसरा धक्का दिला. तिसरा मी दोन पावलं मागे जाऊन दिला. तेव्हा बाहेरून तुमचा आवाज आला, "आई गं."

त्याआधी फटका पडला नव्हता. सहाव्यानंतर एकही पडला नव्हता, कारण जिन्यावरून "पोलीस, पोलीस" असा ओरडा सुरू झाला होता. मी मोजत होतो अण्णा. मला माहीत होतं. आणि मी चौथा धक्का दिला नाही. बोल्ट परत लावला आणि दाराला कान लावून बसलो. पळणारी पावलं ऐकली. नंतर पोलिसांनी हाका मारल्या तेव्हा दार उघडायच्या आधी त्यांना तुम्हाला उचलून बाजूला घ्यावं लागलं. तुम्ही दाराला पाठ लावून उभे होता ते तसेच खाली घसरून, पाय समोरच्या भिंतीला लावून बसला होता. कॉरिडॉर अरुंद आहे, बसवल्यासारखे बसला होता. रक्त तुमच्या शर्टाच्या पुढच्या बाजूला इतकं होतं की मागचं कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी पोलिसांना जबाब दिला. "मी नियमाप्रमाणे दार उघडलं नाही, बोल्ट काढला नाही." का तसं लिहिलं? नियम मी टाईप केला होता म्हणून. वर्तमानपत्रवाले बाहेर उभे होते म्हणून. आणि बोल्ट काढला म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग दार का उघडलं नाही. त्या प्रश्नाच्या मागे काय आहे ते मला बघायचं नव्हतं. पुढे सिंडिकेटनं, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारिणीनं, मला प्रशंसापत्र दिलं. कर्तव्यनिष्ठा, वगैरे. आईनं ते दिवाणखान्यात लावलं. कोर्टात तोच जबाब मी शपथेवर परत सांगितला.

डॉक्टरांच्या दाखल्यात सात जखमा होत्या. तुमच्या जबाबात सहा वार. तुमची उलटतपासणी झाली तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. माझी साक्ष झाली होती, पण परत बोलावतील म्हणून मला आत बसू दिलं नाही. वकिलांनी नंतर सांगितलं. त्यांचा वकील म्हणाला, साहेब, तुम्ही दाराला पाठ लावून उभे होता म्हणता, मग पाठीवर कोण मारणार? म्हणजे एक तर तुम्ही तिथे नव्हता, नाही तर तुम्हाला कुणी मारलं ते तुम्हाला नीट आठवत नाही. तुम्ही म्हणालात, "मी सहाच सांगितले." तो म्हणाला, मग सातवी? तुम्ही गप्प. न्यायाधीशांनी विचारलं, तरी गप्प. बाकीही ढिलाई होती, पण त्या एका आकड्यावर खटला कोसळला. संशयाचा फायदा. पाचही सुटले. पाठीवरची ती जखम कुठून आली, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

त्या दिवशी मी तुमच्या घरी आलो. वहिनींनी कॉफी दिली. मी असं बोललो, जे आजवर मी कुणाशी बोललो नव्हतो.

"तुमच्या बेफिकिरीनं सुटले ते. एवढं मोठं विद्यापीठ चालवता, स्वतःच्या अंगावरच्या जखमा मोजता येत नाहीत?"

"सहाच रे."

"दाखल्यात सात आहेत."

"मला मारलेल्या सहा."

"मग सातवी काय देवानं मारली?"

मी पेला भिंतीवर फेकला. स्टीलचा पेला, भिंतीवर अजून ठोका आहे. कॉफी कॅलेंडरवर उडाली. तुम्ही वाकड्या मनगटाच्या हातानं फडकं शोधत म्हणालात, "लेक्कप्पा, साखर कमी होती का?"

मला त्या वेळी तुमचा तिरस्कार वाटला. दोन महिने मी तुमच्याशी कामापुरतं बोललो. नंतर बोलणं सुरू झालं, पण दर काही महिन्यांनी मी तो विषय काढायचो आणि तुम्ही सहावर ठाम. मागच्या महिन्यात आयसीयूत नाकाला नळी असताना मी विचारलं, "आता तरी सात म्हणा." तुम्ही उजव्या हाताची पाच बोटं दाखवलीत आणि डाव्या हाताचा अंगठा. तुमचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

खरं म्हणजे एकदा तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. कुलगुरू झालात तेव्हा पहिली फाईल तुम्ही कसली मागवलीत? नियम चौदाची. तो रद्द करून त्या खोलीत यापुढे दोघांनी बसायचं असं केलंत. मी विरोधाचं टिपण दिलं, गुप्तता कमी होते, म्हणून. तुम्ही मला बोलावलंत.

"दोघं असले की बरं असतं."

"कशासाठी? काम एकाचं आहे."

"एकटा माणूस आत राहिला की त्याला फार सोसावं लागतं."

मला वाटलं, मार खाल्लेला माणूस हळवा झालाय. मार बाहेरच्यानं खाल्ला होता. तुम्ही आतल्याबद्दल बोलत होता.

पाचव्या दिवशी मी वहिनींना गाठलं. त्या मागच्या अंगणात तुमचे शर्ट वाळत घालत होत्या. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बोल्ट, तीन धक्के, जबाब. त्यांनी चिमटा लावायचं थांबवलं नाही.

"गोत्तु मला," त्या म्हणाल्या. माहीत आहे.

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. हॉस्पिटलात ओठाला टाके घातलेले, बोलता येत नव्हतं स्वल्पही. तरी हसले. म्हणाले, अगं, लेक्कप्पानं नियम मोडला. तीनदा मोडला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं सांगा. म्हणाले, बेडा, नको. त्यानं कोर्टात खोटं सांगितलंय, मी खरं बोललो तर हा आत जाईल. आणि ती जखम त्यांच्या नावावर लावा म्हटलं वकिलानं, तर तेही नको म्हणाले. जी त्यांनी मारली नाही ती त्यांच्या नावावर कशी घालू." त्यांनी पुढचा शर्ट झटकला. "आणि तुम्ही येऊन भिंतीला पेला मारलात. तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, पुसू नको गं तो ठोका, राहू दे."

मी खाली बसलो. त्या म्हणाल्या, "सुम्ने, गप बसा हो. रडायचं तर रडा, पण त्या बादलीवर नको."

पाच माणसं मोकळी फिरतात, त्यांतला एक तुमच्या फोटोला हार घालतो, आणि हे सगळं तुम्ही एका भित्र्या कारकुनाला वाचवण्यासाठी होऊ दिलंत. मला याबद्दल कृतज्ञ वाटायला हवं. वाटतंही. पण त्याच्याआधी राग येतो. मला विचारायला हवं होतं अण्णा. मी गेलो असतो आत. कदाचित नसतो गेलो. पण निवड माझी होती, आणि तुम्ही ती माझ्याकडून काढून घेतलीत, त्या दिवशी दाराशी आणि नंतर कोर्टात, दोन्ही वेळा पाठ लावून. चारही परीक्षक धडधाकट राहिले. सोसल्याच्या त्या बाई तुमच्या अंत्ययात्रेला आल्या होत्या, पाया पडल्या, रडल्या. का, ते तिथे फक्त मला माहीत होतं. माझ्याबद्दल मात्र वहिनींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

काल मी प्रशंसापत्र भिंतीवरून काढलं. आईला वाटलं रंग द्यायचाय. विद्यापीठाला पत्र लिहिलं, प्रशंसापत्र परत घ्यावं, कारण दिलं आहे. कोर्टासाठी वेगळं लिहिलं, वकील म्हणाला आता त्याचा काही उपयोग नाही आणि मलाच त्रास होईल. तरी दिलं. निवृत्तीला सहा वर्षं आहेत, ती कशी जातील मला माहीत नाही. त्या खोलीत जाऊन आलो. आता तिथे दोघी मुली बसतात, एक जण डबा खात होती. दाराबाहेरच्या कडीचा बोल्ट तसाच आहे, टोक बाहेर आलेलं. शिपायाकडून करवत घेतली आणि स्वतः कापला. पाऊण इंचाचा तुकडा निघाला. खिशात आहे.

वाद काही मिटलेला नाही. तुम्ही तुमच्या सहावर राहा. दोन्ही पत्रांत मी सात जखमा लिहिल्या आहेत. सहा त्यांच्या, समोरून. सातवी माझी, मागून.